क्रूझचा ट्रॅव्हल इन्शुरन्स नक्की कधी काढायचा? एकदा चुकलो, एकदा जमलं, दोन्हीचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. क्रूझचे पहिले पैसे भरले, पावती हातात आली, की त्याच आठवड्यात इन्शुरन्स काढा. व्हिसाची फाइल लावेपर्यंत थांबू नका आणि निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरता भरता मोबाईलवरून तर अजिबात काढू नका. आता हे मी एवढं ठामपणे का सांगतेय, दुसऱ्यांदा ज्या काकांकडून पॉलिसी काढली त्यांची सर्व्हिस कशी होती, पॉलिसी कुठे कामाला आली आणि कुठे कमी पडली ते सगळं खाली लिहितेय. मोठं झालंय, पण आईवडलांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन क्रूझला जाणार असाल तर वाचाच.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जाणार होतो. पैसे डिसेंबरमध्येच भरले होते, चौघांचे मिळून १ लाख ९२ हजार नुसत्या क्रूझचे, विमानाचं तिकीट वेगळं. ज्या टूरवाल्यांकडे बुकिंग केलं तिथे मी तेव्हाच विचारलं होतं की इन्शुरन्सचं काय, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम तो शेवटच्या आठवड्यात काढू, आत्ता काढून काय करायचंय, तारखा बदलल्या तर उगीच ताप. मला ते पटलं. माझ्या डोक्यात इन्शुरन्स म्हणजे परदेशात आजारी पडलो तर, एवढंच होतं, आणि आजारी पडायचं तर तिकडे गेल्यावरच ना, मग आधीपासून कशाला.

एप्रिलच्या शेवटी, निघायला १९ दिवस राहिले होते, आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) सकाळी बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्याच दिवशी ॲडमिट, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, पुढे दोन महिने वॉकर. ट्रिपचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता, पण तिसऱ्या दिवशी रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून नवऱ्याने बुकिंगचा कागद मोबाईलवर उघडला आणि त्यात ओळ होती की जहाज सुटायच्या आधी ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर काहीही परत मिळणार नाही. विमानाचे थोडे आले, टॅक्सचे वगैरे. क्रूझचे १ लाख ९२ हजार पूर्ण गेले. त्याने तिथूनच एका इन्शुरन्स कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारलं की आत्ता पॉलिसी घेतली तर हे यात बसेल का. पलीकडची मुलगी नीट बोलली, म्हणाली सर, जे घडून गेलंय त्याला पॉलिसी लागत नाही, आईंना लवकर बरं वाटू दे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. आईंना तर कितीतरी दिवस वाटत राहिलं की माझ्यामुळे सगळ्यांचे पैसे बुडाले, पोराचा हिरमोड झाला. आम्ही हजार वेळा सांगितलं तरी ते त्यांच्या मनातून गेलं नाही, आणि मला पैशापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून २०२५ ला परत ठरवलं तेव्हा मी पहिली गोष्ट ही केली की ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलेल्या, इथे पुण्यात नळ स्टॉपजवळच्या इन्शुरन्सवाल्या काकांकडे गेले. एकटेच काम करतात, एक टेबल, दोन खुर्च्या, मागे फाइलींचं कपाट. त्यांचं नाव इथे टाकत नाहीये कारण त्यांनी स्वतःच नको सांगितलं, ओळखीतून येतात तेवढीच माणसं त्यांना झेपतात. बुकिंग होतं बार्सिलोनाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचं, जहाज २६ ऑक्टोबरचं, म्हणजे भाऊबीज करून निघायचं, आणि डिपॉझिट आम्ही जानेवारीतच भरलं होतं. मी काकांना सांगितलं की मला नीट समजून घ्यायचंय, मागच्या वेळेस पोळलोय.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर तीन टिंबं दिली. पहिलं टिंब आज, दुसरं विमानात बसायचा दिवस, तिसरं परत यायचा दिवस. म्हणाले, ताई, लोकांना वाटतं ट्रॅव्हल इन्शुरन्स म्हणजे या दुसऱ्या टिंबापासून तिसऱ्यापर्यंत, डॉक्टर, हॉस्पिटल, हरवलेली बॅग, पासपोर्ट, सगळं ह्यात. पण ट्रिप कॅन्सलेशन नावाचं जे कव्हर आहे ते पहिल्या टिंबापासून दुसऱ्यापर्यंतच असतं, म्हणजे पॉलिसी निघाल्यापासून तुम्ही देश सोडेपर्यंत. तुम्ही आदल्या रात्री पॉलिसी काढली की हा तुकडा किती उरला? आणि त्यांनी दोन टिंबं एकमेकांना चिकटवून दाखवली. तुकडाच नाही. पैसे मात्र तुम्ही दोन्ही तुकड्यांचे दिले. मी तो कागद घरी आणला आणि अजून माझ्या फाइलमध्ये आहे, कारण दोन वर्षं जे कुणी मला सांगितलं नव्हतं ते त्या रेघेत एका मिनिटात कळलं.

मग मी विचारलं की नऊ महिने आधी काढली तर प्रीमियम जास्त लागेल ना. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाले तुम्हीच बघा. आमच्यासारख्यांच्या पॉलिसीत प्रीमियम ठरतो तो वयावर, किती दिवस जाणार त्यावर, कुठल्या देशात जाणार आणि कव्हर किती घेणार त्यावर, आज काढताय की निघायच्या आठवड्यात ह्यावर नाही. मी घरी येऊनही पडताळून पाहिलं, पुढे सप्टेंबरमध्ये मुद्दाम त्याच तारखा, तीच वयं, तोच प्लॅन टाकून कोट काढला, तेवढाच आला. चौघांचे मिळून ११ हजार ३०० च्या आसपास, त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या आईंचे कारण वय ७०. म्हणजे तेवढ्याच पैशात नऊ महिन्यांचं कॅन्सलेशन कव्हर मिळतंय की शून्य दिवसांचं, एवढाच फरक आहे.

खरं तर आपल्याला ही गोष्ट माहीत असते. आयआरसीटीसीवर रेल्वेचं तिकीट काढताना ४५ पैशांचा इन्शुरन्स असतो ना, तो तिकीट काढतानाच घ्यावा लागतो, नंतर आठवण झाली म्हणून जोडता येत नाही, आणि आपण सगळे तिथे डोळे झाकून होय करतो. पुणे-नागपूरच्या तिकिटाला जे आपोआप करतो ते लाखांच्या क्रूझला करत नाही.

माझी नणंद न्यूजर्सीला असते, ती म्हणाली पहिलं डिपॉझिट भरल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्या, नाहीतर काही उपयोग नाही. त्याने मी थोडी गोंधळले होते. काकांनी सांगितलं की तिचं तिच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत बऱ्याच पॉलिसींमध्ये १४ ते २१ दिवसांची मुदत असते, त्यात घेतली तर आधीपासूनच्या आजारांची अट माफ होते, शिवाय कुठल्याही कारणाने ट्रिप रद्द केली तरी ५० ते ७५ टक्के परत देणारं जादा कव्हर पण तेवढ्या मुदतीतच मिळतं. आपल्याकडच्या पॉलिसी तशा नाहीत, आधीचा आजार असेल तर बहुतेक ठिकाणी जिवावर बेतलं तरच मदत, आणि तीही सगळ्या प्लॅनमध्ये नाही. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून १४ दिवस उलटले म्हणून हताश होऊन बसू नका, आणि तिकडे सगळं कव्हर होतं म्हणून इकडेही होईल असंही धरून चालू नका. आईंचं बीपी आणि खुब्याचं ऑपरेशन दोन्ही आम्ही फॉर्मवर लिहिलं. काकांचा ह्या बाबतीत एकच हट्ट होता की लपवायचं काही नाही, क्लेमच्या वेळेला जुनी फाइल निघतेच.

अजून एक कारण आहे लवकर काढायचं, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. एखादी गोष्ट बातम्यांमध्ये आली, सगळ्यांना कळली, की त्यानंतर काढलेली पॉलिसी त्या गोष्टीसाठी चालत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटून युरोपची विमानं कितीतरी दिवस बंद होती. राख आकाशात दिसल्यावर पॉलिसी घेतली त्यांना ती त्या राखेसाठी काय कामाची? २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाज उभं होतं, ३,७०० च्या वर माणसं आत आणि ७०० हून जास्त जणांना कोरोना. ती चित्रं टीव्हीवर बघून मग क्रूझसाठी कव्हर शोधणाऱ्यांना कोण देणार होतं? वादळ असो, संप असो, युद्ध असो, तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. आणि संप किंवा युद्ध पॉलिसीत मुळात धरलंय का तेही वाचायचं, बऱ्याचदा युद्ध नसतंच.

आता लवकर काढताना ज्या अडचणी येतात त्याही सांगते, कारण त्या टूरवाल्या मुलाचं तारखांबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिली अडचण म्हणजे सगळ्या कंपन्या नऊ महिने आधी पॉलिसी देतच नाहीत. मी एका साइटवर स्वतः प्रयत्न केला तर ऑक्टोबरची तारीखच घेईना, सहा महिन्यांच्या पुढचे सगळे दिवस करडे दिसत होते. काकांनी दुसऱ्या कंपनीची काढून दिली जिथे ती तारीख चालली. तुम्हाला तशी मिळाली नाही तर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा आणि ज्या दिवशी तारीख उघडेल त्या दिवशी काढा. दुसरी अडचण व्हिसा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो त्यासाठी, इन्शुरन्स सक्तीचा आहे, कमीत कमी ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि राहण्याच्या सगळ्या दिवसांचं, आणि व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून बहुतेक लोक व्हिसाची फाइल लावताना जी स्वस्तात स्वस्त मिळेल ती काढतात. ती व्हिसाला चालते पण तिच्यात कॅन्सलेशनचे पैसे नाममात्र असतात. आमची जानेवारीतलीच पॉलिसी जुलैमध्ये व्हिसाला चालली, काकांनी कव्हरचं पत्र वेगळं काढून दिलं. आणि व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून प्रीमियम परत मिळतो, थोडे पैसे कापून, हे मी आधीच लेखी विचारून घेतलं होतं. तारीख बदलली तरी पॉलिसी सुरू व्हायच्या आत कळवलं तर बदलून देतात, तेही विचारलं होतं. पण लक्षात घ्या, प्रीमियम परत मिळणं वेगळं आणि व्हिसा नाकारला म्हणून क्रूझचे बुडालेले पैसे मिळणं वेगळं. ते दुसरं आमच्या पॉलिसीत नव्हतं. त्यामुळे तुमचा व्हिसा अडकायची शक्यता असेल तर फायनल पेमेंटची तारीख आणि व्हिसाची तारीख जुळवून बघा, आमचं फायनल पेमेंट जुलैअखेरीस होतं आणि त्याच्या आधी व्हिसा हातात यावा म्हणून आम्ही अर्जाची घाई केली.

सगळ्यात जास्त वेळ काकांनी ज्या गोष्टीवर घालवला ती म्हणजे कॅन्सलेशनची रक्कम. स्वस्त प्लॅनमध्ये माणशी १,००० डॉलर होती, आम्ही घेतला त्यात माणशी २,५००. त्यांनी आमचा खर्च माणशी मांडला, क्रूझ १ लाख ४० हजार, विमान ७५ हजार, म्हणजे २ लाख १५ हजार, आणि २,५०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या ८६ च्या भावाने तेवढेच. स्वस्तातला घेतला असता तर निम्म्याहून जास्त रक्कम उघडीच राहिली असती. मेडिकलचा आकडा मोठा दिसतो, ५० हजार डॉलर, एक लाख डॉलर, अडीच लाख डॉलर, लोक तेवढाच वाचून प्लॅन निवडतात आणि हा छोटा आकडा कुणी बघत नाही. क्रूझचे पैसे एका ठिकाणी एकदम अडकतात आणि जहाज जवळ येईल तसा दंड वाढत जातो, म्हणून क्रूझवाल्यांनी तर हा आकडा आधी बघायचा. आणि रद्द करायची कारणं ठरलेली असतात, तुम्ही स्वतः किंवा जवळचं कुणी गंभीर आजारी, हॉस्पिटलमध्ये भरती, मृत्यू, अशी. ऑफिसने रजा नाकारली, मुलाची परीक्षा पुढे ढकलली, मनच नाही राहिलं, ह्याला काही मिळत नाही. जवळचं म्हणजे कोण हेही वाचा. सासूबाई बरोबर प्रवास करणार होत्या म्हणून त्या होत्याच, पण माझी आई इथे पुण्यात राहणार, तिला काही झालं तर मी जाऊ शकणार नाही, ते धरलंय का हे मी वेगळं विचारलं. धरलं होतं.

तर सुदैवाने ह्या वेळेस रद्द करायची पाळी आली नाही. ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू झाला, आमच्याकडे सहकारनगरला त्या पंधरवड्यात घरटी एक पेशंट होता, प्लेटलेट्स खाली गेल्या, चार दिवस ॲडमिट होता. ट्रिपला दोन महिने होते त्यामुळे तोवर बरा झाला, पण त्या चार दिवसांत मी एकदाही पैशाचा विचार केला नाही. २०२३ ला पॅसेजमध्ये बसून नवरा तो कागद वाचत होता आणि ह्या वेळेला तो मुलाशी पत्ते खेळत होता. मला विचाराल तर ११ हजार ३०० रुपये तिथेच फिटले.

मुंबईहून विमान होतं, २४ तारखेला. दिवाळीनंतरचा एक्स्प्रेसवे म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, घाटात कधी काय होईल सांगता येत नाही, २०२३ च्या जुलैमध्ये आडोशी बोगद्यापाशी दरड आली तेव्हा कितीतरी लोक तासन्‌तास अडकले होते. घाटात अडकल्यामुळे विमान चुकलं तर पॉलिसी त्याचे पैसे देत नाही, हे काकांनी बजावून सांगितलं होतं म्हणून आम्ही सकाळी आठलाच घर सोडलं. आणि बार्सिलोनाला जहाजाच्या आदल्या दिवशी पोचलो. हे पण त्यांचंच, विमान लेट झालं तर पॉलिसी ठरावीक तासांनंतर थोडी भरपाई देते पण जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि गेलेलं जहाज कुठलीही कंपनी परत आणून देत नाही.

पॉलिसी कामाला आली ती चौथ्या रात्री. ला स्पेझिया सोडून जहाज रोमच्या दिशेने निघालं होतं, रोमला जहाज चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागतं, तिथून रोम ७० किलोमीटर. रात्री अकराला आईंना उलट्या आणि जुलाब सुरू झाले, साडेबाराला त्यांना उभं राहवेना. जहाजावर खालच्या डेकला मेडिकल सेंटर असतं, नर्स व्हीलचेअर घेऊन आली. तिथे आधी एका फॉर्मवर सही घेतात, त्यात लिहिलेलं असतं की उपचाराचे पैसे तुमच्या केबिनच्या खात्यात पडतील. आपली इथली मेडिक्लेम तिथे दाखवून काही उपयोग नाही, कॅशलेस वगैरे प्रकार नाही, आधी भरा आणि नंतर इन्शुरन्सकडून घ्या. सलाइनच्या दोन बाटल्या, इंजेक्शन, रक्ताची एक तपासणी, रात्रीच्या वेळेचा डॉक्टरचा चार्ज, मिळून ६८४ डॉलर. मी नवऱ्याला तिथूनच सांगितलं की हेल्पलाइनला फोन कर, त्याने जहाजाच्या वायफायवरून केला, त्यांनी नोंद करून क्लेम नंबर दिला आणि काय काय कागद आणायचे ते मेलवर पाठवलं. हे नक्की करा, तिथे असतानाच कळवा, घरी आल्यावर बघू म्हणू नका.

जहाजावर पोट बिघडलं की इतरांना लागण होऊ नये म्हणून केबिनमध्येच थांबायला लावतात, तसं आईंना २४ तास थांबवलं, आणि मी त्यांच्याबरोबर थांबले. आमच्या मजल्यावरचा केबिनचं बघणारा मुलगा गोव्याचा होता, त्याने किचनमधून मऊ भात पाणी घालून अगदी पेजेसारखा करून आणला, मी बॅगेतलं मेतकूट काढलं, आईंनी चार घास खाल्ले आणि खिडकीतून बंदर बघत बसल्या. नवरा आणि मुलगा रोमला जाऊन आले. आमच्या दोघींचे रोमच्या बसचे पैसे, आधी भरलेले, ते गेले. इथेच पॉलिसी कमी पडली. काही प्लॅनमध्ये क्रूझचं म्हणून वेगळं कव्हर असतं, बंदर चुकलं, डॉक्टरने केबिनमध्ये थांबवलं, फेरफटक्याचे पैसे वाया गेले, असं. आमच्यात ते नव्हतं आणि खरं सांगायचं तर काकांनी जानेवारीत तो विषय काढला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले हो, हे माझ्याकडून राहिलं. सरळ मान्य केलं, मला ते आवडलं.

क्लेमचा अनुभव मिश्र. काकांनी सगळा सेट करून दिला, मेडिकल सेंटरचं एक-एक खर्च वेगळा दाखवणारं बिल, डॉक्टरची नोट, केबिनच्या खात्याचा हिशोब, कार्डाचं स्टेटमेंट, बोर्डिंग पास, पासपोर्टची झेरॉक्स, कॅन्सल चेक. बोर्डिंग पास मी फेकायच्या बेतात होते, त्यांनी निघतानाच सांगितलं होतं म्हणून राहिले. एवढं देऊनही कंपनीने तेच बिल दोनदा मागितलं, मध्ये बारा दिवस काही उत्तर नाही, कस्टमर केअरला फोन लावला की प्रत्येक वेळेस नवीन माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट सांगायची. शेवटी काकांनी तक्रार विभागाला मेल टाकला आणि तीन दिवसांत हललं. १०० डॉलर आपले स्वतःचे जातात पॉलिसीप्रमाणे, उरलेल्या ५८४ चे ५१ हजार आणि काही रुपये आले, कागद दिल्यापासून ३८ व्या दिवशी. पूर्ण पैसे आले हे चांगलंच, पण ७० वर्षांच्या कुणी एकट्याने हा क्लेम केला असता तर मध्येच सोडून दिला असता असं मला मनापासून वाटतं, आणि कंपनीने हे सुधारायला हवं.

काकांच्या सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, त्या राहून गेलेल्या क्रूझ कव्हरसाठी अर्धा कमी. कंपनीला तीन. ऑनलाइन काढली असती तर थोडे पैसे वाचले असते का, माहीत नाही, पण कॅलेंडरच्या मागची ती रेघ कुठल्या साइटने मला काढून दाखवली नसती.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ करणाऱ्यांसाठी एक ओळ, तिथे परदेशाची पॉलिसी लागत नाही, देशातल्या प्रवासाची वेगळी असते, प्रीमियमही कमी, पण पैसे भरल्यावर लगेच काढायचं हे तिथेही तसंच. जिथे पूर्ण डिपॉझिट परत मिळतंय अशी क्रूझ असेल तर ती मुदत संपेपर्यंत थांबलात तरी चालेल, पण ती तारीख लिहून ठेवा.

परवा आईंनी विचारलं की ज्याच्यात रोम पहिल्याच दिवशी लागतं असं जहाज असतं का. असतं, चिवितावेक्कियाहूनच सुटणारी जहाजं आहेत, म्हणजे दोन दिवस आधी जाऊन रोम बघून मग चढायचं. पुढच्या दिवाळीचं बघतोय. अजून डिपॉझिट भरलेलं नाही, पण काकांना फोन करून ठेवलाय की ह्या वेळेस केबिनमध्ये अडकलो तर त्याचं कव्हर असलेले प्लॅन आधी काढून ठेवा, पावती घेऊन त्याच संध्याकाळी येते.